पाहुण्यांसाठी टांगलेला घड

शेवटचं कुणाच्या घरी तुम्ही 'नको, मला काही नको' म्हणालात, तेव्हा समोर ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतंत का?

मी पाहिला आहे तो चेहरा. या जानेवारीत, शिरपूरपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात, माझ्या सख्ख्या मावशीच्या ओसरीवर. नाकारणारे माझे मित्र होते आणि त्यांना तिथे मीच नेलं होतं.

माझे वडील पत्रकं छापायचे. संपाची, जयंतीची, पाणीपट्टीवाढीच्या निषेधाची. शाई पसरलेल्या रद्द प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो. माझ्याही बोलण्यात तो उशिरा आला, आणि अजून तिथे तो पाहुण्यासारखाच राहतो.

केतकी आणि ओंकार माझे पुण्यातले कॉलेजपासूनचे मित्र. आमची मैत्री एका वडापावचे तीन तुकडे करण्यातून सुरू झाली. आज त्या दोघांच्या आयुष्यात वडापाव नाही. केतकीच्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं, आणि गेल्या वर्षी केतकीलाही डॉक्टरांनी 'तुमची साखर काठावर आहे' असं सांगितलं. तेव्हापासून ती गूळ, साखर, गहू खात नाही आणि उरलेलं सगळं छोट्या काट्यावर तोलून खाते. ओंकार एके काळी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धापा टाकत बसून राहायचा आणि आम्ही हसायचो. आता तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात जेवतो आणि रोज धावतो. त्यांचे बाकीचे मित्रही तसेच. त्यांच्या बैठकीत प्रथिनं, झोपेचे गुण आणि चाललेली पावलं यांवर चर्चा सुरू झाली की मी चुकून दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात शिरलेल्या पाहुणीसारखी कोपऱ्यात बसते.

तरी आम्ही चार दिवस एकत्र खानदेशात जायचं ठरवलं. जळगावला ओंकारच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या मळ्यात भरीत पार्टी होती, आणि पुढे एक मुक्काम शेवंतामावशीकडे. मावशीला फोन केला तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला.

"जेवतीन ना त्या आमनाकडे?"

"जेवतील. मी शब्द देते," मी म्हणाले.

जळगाव

पहिल्या सकाळी ओंकार मेहरूण तलावाला फेऱ्या मारायला निघाला आणि मी इरेला पेटून त्याच्यामागे गेले. कष्टकऱ्यांच्या ताकदीवर लेख लिहिणारी मी अर्ध्या फेरीत कठड्याला धरून उभी राहिले. पाण्यावरून बोचरी थंडी येत होती. ओंकार तीनदा माझ्यासमोरून गेला आणि तिन्ही वेळा चिडवायचं सोडून त्यानं हात वर केला. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. ज्या मुलाला आम्ही हसत होतो, त्यानं आपलं शरीर कुणावर सूड न घेता परत मिळवलं होतं. हे मला तिथे धापा टाकताना कळलं.

दुपारी मळ्यात गेलो. ज्यांनी खानदेशी भरीत फक्त हॉटेलात खाल्लं आहे त्यांना सांगते, ते एकट्यादुकट्यानं करायचं काम नाही. हाताएवढी लांब, पांढरट-हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर टाकतात. जाळ भडकतो आणि क्षणात बसतो, म्हणून कुणीतरी सतत काड्या सारत राहावं लागतं. मग सगळ्यांनी गोल बसून साली काढायच्या, बोटं भाजली तर शिव्या द्यायच्या. बडगी नावाच्या लाकडी भांड्यात मिरची, लसूण घालून ते वांगं ठेचलं जातं. वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. खाली केळीचं पान, सोबत कळण्याची भाकरी. म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेली, काळसर, खरपूस.

मळ्याचे मालक आबा सत्तरीचे, टोपी कपाळावर सरकवून बसलेले. केतकीनं पिशवीतून काटा काढला तसे ते पुढे वाकले.

"ताई, हा काय सोन्याचा काटा आणला का?"

"स्वयंपाकघरातला आहे, आबा. दीडशे ग्रॅम भरीत घेते मी."

"आमच्या जळगावात सोनं तोलतात हे माहीत होतं. वांगं तोलणारी पहिली तुम्हीच!"

अख्खी पंगत हसली. केतकीही हसली आणि तिनं नेमकं दीडशे ग्रॅम घेतलं. आबांनी आग्रह केला नाही. "तोला, बिनधास्त तोला," म्हणाले, "आमच्या भाऊला कुणी तोलायला शिकवलं असतं तर आज तो या पंगतीत असता." मी पाचवी भाकरी मोडत होते, ती जरा हळू मोडली.

जळगावच्या त्या पंगतीत माझे मित्र जेवले, तोलून का होईना, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

चोपड्याच्या पुढे

दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या गाडीनं शिरपूरकडे निघालो. उजव्या हाताला सातपुड्याची निळी रेघ आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या असतात. लांबून पाहिलं तर वाटतं, बागेनं थंडीसाठी टोप्या घातल्यात.

चोपडा सोडल्यावर एका वळणावर केळी भरलेल्या ट्रकचं चाक चारीत गेलं होतं. कुणाला लागलं नव्हतं, पण ट्रक हलका केल्याशिवाय तो निघणार नव्हता, आणि तो निघाल्याशिवाय कुणीच पुढे जाणार नव्हतं. ओंकार बाह्या सरसावून खाली उतरला आणि हमालांच्या रांगेत उभा राहिला. घड खांद्यावर घ्यायची एक पद्धत असते, मान तिरकी करून, दांडा पाठीकडे ठेवून. दोनदा चुकल्यावर त्याला ती जमली. केळीचा चीक सदऱ्याला लागला की जन्मात निघत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

"जिममा पैसा देस ना भाऊ?" एक हमाल म्हणाला. "आठे फुकट शे!"

"उद्यापासून येतो इथेच," ओंकार म्हणाला.

"ये ना! पन आम्ही दहा वाजालोंग उपाशी ऱ्हात नही हां!" केतकीनं त्याच्या जेवणाच्या वेळा तोवर सगळ्या रांगेला सांगून टाकल्या होत्या.

मजा आली, पण दोन तास गेले. मावशीच्या दारात पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

शेवंतामावशीची ओसरी

मावशी एकटी राहते. काका गेले, मुलगा सुरतेला असतो. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागांत निंदणी केली. आता गावातल्या बचत गटासाठी ती पापड करते आणि गाव तिला अक्का म्हणतं. त्या दिवशी तिनं खापरावरचे मांडे केले होते. हे काय असतं ते सांगायला हवं. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवते. तो फाटणार असं वाटत असतानाच चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर अलगद टाकते. ताटाच्या बाहेर जाईल एवढा तो मांडा, रुमालासारखा घडी घालून वाढायचा. सोबत झणझणीत रशी, म्हणजे पुरणाच्या डाळीच्या पाण्याची आमटी. दुपारी तीनपासून ती चुलीपुढे होती.

ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. केतकीनं हसून आपली बाटली वर केली. "मावशी, आमचं पाणी आहे."

ओंकार म्हणाला, "मावशी, तुम्ही त्रास घेऊ नका. माझं सहानंतर बंद असतं."

मांडे पाहून केतकी ओशाळली. "मला गूळ आणि गहू चालत नाही हो. मी फक्त फळं घेईन. काहीही चालेल, एखादं केळं."

मावशीच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही. भयंकर ते होतं. पाठ असलेला पाढा म्हणावा तसा तिनं हात वर नेला आणि ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या घडातली चार केळी तोडून ताटलीत ठेवली.

मला तो घड माहीत होता. लहानपणी सुट्टीत आले की तो तिथेच असायचा आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची मनाई होती. तो पाहुण्यांचा घड. आमच्या वस्तीत कामानिमित्त येणाऱ्या बड्या घरच्या माणसांसाठी. आमच्या चुलीवरचा चहा त्यांना चालायचा नाही, पण केळं चालायचं. मी मोठी झाल्यावर तो घड दिसेनासा झाला होता. आज माझ्या मित्रांसाठी मावशीनं पुन्हा टांगला होता. मी शब्द दिला होता, आणि तरी तिनं टांगला होता.

मी दोघांना अंगणात ओढलं.

"काल मळ्यात जेवलात. आज नाही. का?"

"काल दुपार होती!" ओंकार म्हणाला. "आत्ता साडेसात वाजलेत. वेड लागलंय का तुला?"

"तिथं पाणीसुद्धा त्यांचं प्यायलात. इथे स्वतःच्या बाटलीतलं?"

"अगं, बाटली हातात होती म्हणून," केतकी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं मी काय म्हणते आहे ते, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "तुला असं वाटतंय? आमच्याबद्दल? दहा वर्षांनंतर?"

"जात बघतंय कोण इथे?" ओंकारचा आवाज चढला.

"तुला बघावी लागत नाही. तीच तर चैन आहे! तू घड्याळ बघतोस, ती काटा बघते, आणि आत ती बाई तेच बघतेय जे तिनं साठ वर्षं पाहिलंय!"

"मग आधी सांगायचं होतंस," केतकी रडत म्हणाली. "मावशीला सांगायचं, माझी आई आजारी आहे, माझी साखर काठावर आहे. आम्हाला मावशीचं सांगायचं. तू कुणालाच काही सांगितलं नाहीस. नुसता शब्द देऊन बसलीस."

मी न सांगताच त्यांनी जेवावं, असं मला हवं होतं. परीक्षेचा पेपर कुणी आधी फोडतं का?

दारातून मावशीचा आवाज आला. "भांडण व्हयनं का बठ्ठं? मंग आते घरमा या."

सगळं भांडून झालं का, असं ती विचारत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आम्हाला बसवून तिनं घडाकडे बोट दाखवलं. तिच्या लग्नानंतर तिच्या सासऱ्यांनी तो पहिल्यांदा टांगला होता. "पाहुना ऊना का त्याले केयं. साल निंघनी का इटाय बी निंघना," ती म्हणाली. पाहुणा आला की त्याला केळं, साल सुटली की विटाळही सुटला. हे सांगताना ती चक्क हसली. मग माझ्याकडे वळली. "आनि तू. मना ताटनं पत्रक नको करू, पोरी." तिच्या ताटाचं पत्रक मीच करत होते.

केतकीनं डोळे पुसले, ताट पुढे ओढलं आणि मांड्याचा तुकडा तोडला. मावशीनं तिचं मनगट धरलं. साठ वर्षं निंदणी केलेल्या हातात जोर असतो.

"माले दया नको. तुनी माय आजारी शे ना? मंग गूळ नको खाऊ. पोट मांगी तवय जेव."

चुलीत लाकूड तडकलं. मग ओंकार, ज्याला मी गेल्या दहा मिनिटांत काय काय म्हणाले होते, तो मांडी बदलून नीट बसला.

"मावशी, मला भूक लागलीय," तो म्हणाला. "पण मी आत्ता नाही खाणार. उद्या सकाळी दहाला मला जेवायला घालाल? ज्वारी चालते मला, केतकीलाही. तेल थोडं. तुम्ही काय कराल?"

मावशीनं बोटांवर वेळ मोजली.

"दहाले?" ती म्हणाली. "लोके दुसऱ्यांदा चहा पेतस तवय?"

"हो. आणि तुमचं पाणी द्या आत्ता."

तांब्या त्यानं एका दमात रिकामा केला. केतकीनं दुसरा मागितला.

सकाळचे दहा

मावशी पहाटे उठली आणि तिनं काही खाल्लं नाही. पाहुणा उपाशी असताना मी कशी खाऊ, असं तिचं म्हणणं. त्यामुळे मलाही मिळालं नाही. नऊपर्यंत शेजारच्या दोन बाया 'दहा वाजता जेवणारा माणूस' बघायला येऊन बसल्या. "दहानी गाडी ऊनी का?" त्यांतली एक दर पाच मिनिटांनी विचारायची आणि ओंकार घड्याळ पाहून गंभीरपणे सांगायचा, "लेट आहे."

मावशीनं मेथीची भाजी केली, ठेचा केला आणि कळण्याच्या भाकरी थापायला बसली. केतकी चुलीजवळ. तिनं चाचरत पिशवीतून काटा काढला आणि पुन्हा आत ठेवायला लागली.

"काटा लई ये इकडे," मावशी म्हणाली. "मना हातनी भाकर कितली भरस, दखू दे."

पहिली भाकरी एकशे अठरा ग्रॅम. दुसरी एकशे वीस. तिसरी एकशे सतरा. शेजारणी पुढे सरकल्या. मावशीनं चौथी मुद्दाम बोलत बोलत, पिठाकडे न बघता थापली. एकशे एकोणीस.

"बाप रे," केतकी म्हणाली. "मावशी, मला काट्यानं जमत नाही एवढं."

"मंग काय, हात काय खोटा शे का मना?"

वस्तीत पुढचा तासभर तीच बातमी होती. दहाच्या ठोक्याला ओंकार जेवायला बसला. मी हा माणूस अनेकदा जेवताना पाहिला आहे, चवीनं, मोजून, कधी अपराध्यासारखा. त्या सकाळी तो भुकेला जेवला. एक भाकरी संपली, दुसरी संपली. मग त्यानं ताटातून मान वर केली.

"मावशी, अजून अर्धी वाढा."

तुम्हाला वाटेल यात काय मोठं. मावशीच्या दाराशी लोकांनी नाकारलं होतं. काहींनी मोठेपणानं, दोन घास खाऊन, उपकार केले होते आणि नंतर भाषणात सांगितले होते. मीसुद्धा तिच्या घरच्या जेवणावर लेख लिहिला आहे. पण त्या बड्या घरांतला कुणी आदल्या रात्री भूक लागली म्हणून सांगून, वाट बघून, स्वतः मागून तिथे जेवला नव्हता. मावशीनं अर्धी भाकरी वाढली, आणि मग उरलेली अर्धीही त्याच्याच ताटात टाकली. तो नको म्हणाला नाही. मावशी पदरानं कपाळ पुसत राहिली, कपाळावर घाम नसतानाही.

आग्रह न करणारे आबा, मनगट धरणारी मावशी आणि मागून जेवणारा ओंकार या तिघांनी चार दिवसांत मला जे शिकवलं ते एका पत्रकात मावणारं नाही.

धुळे

परतीची गाडी धुळ्याहून होती. हाताशी दोन तास होते म्हणून जुन्या धुळ्यातून चाललो. तिथल्या गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि रस्ते आखून काढल्यासारखे सरळ आहेत. हे मला फार आवडलं. आमच्याकडे गल्लीचं नाव ऐकलं की राहणाऱ्याचं आडनाव कळतं.

चौथ्या की पाचव्या गल्लीत केतकीनं विचारलं, "एक विचारू? दहा वर्षांत तू आमच्याकडे कितीदा जेवलीस?"

मी आठवू लागले. मी तिच्या घरी शंभरदा गेले असेन. प्रत्येक वेळी 'जेवून आलेय' म्हणाले. कधी खरं, बहुतेकदा खोटं. त्यांच्या भांड्यांची भीती होती, की अभिमान, की वडिलांच्या पत्रकातलं एखादं वाक्य, मला आजही सांगता येत नाही.

"आई दर वेळी तुझं ताट मांडायची," केतकी म्हणाली. "मग उचलून ठेवायची."

मी पुण्याला आल्यावर केतकीच्या आईला, काकूंना, फोन केला. रविवारी जेवायला येऊ का, विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या जेवणात मीठ नसतं जवळजवळ. तुझ्यासाठी वेगळं करते." मी म्हणाले, वेगळं नको, तुमच्यातलंच द्या. अळणी वरण मला आवडलं नाही आणि आवडलं असं मी म्हणाले नाही. दुसऱ्यांदा मात्र मागून घेतलं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमचं पथ्य मोडू नका, तुमचं घड्याळ आणि तुमचा काटा सोबत असू द्या. पण तुमच्या ओळखीत एक तरी घर असेल, जिथून तुम्ही आजवर कारण सांगून न जेवता उठलात. ते कोणतं, हे तुम्हाला या क्षणी आठवलं आहे. तिथे आज फोन करा. तुम्हाला काय चालतं ते सांगा, किती वाजता चालतं तेही सांगा, आणि येत्या रविवारी जेवायला येऊ का, असं स्वतः विचारा.